न भांडणारे उंदीर

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या उंदरांच्या खोलीत एकतीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणत. आधी कुणीतरी थट्टेत म्हटलं, मग तेच चिकटलं. खरं नाव उरलं ते हजेरीपटात आणि थोरल्या बहिणीच्या तोंडी.

मामांनी लग्न केलं नाही. बहीण तरुणपणीच विधवा झाली, तेव्हा तिला आणि तिच्या लेकीला त्यांनी घरी आणलं. भाची लग्न होऊन लांब गेली. मग दोन खोल्यांत बहीणभाऊ दोघंच. मामा कामावरून आले की बहीण आतूनच ओरडायची, "आधी आंघोळ! तुझ्याआधी तुझा वास घरात येतो."

एका सकाळी पिंजरे बदलत असताना शेजाऱ्यांचा फोन आला. बहीण स्वयंपाकघरात कोसळली होती. हातातले दोन पिंजरे मांडणीवर ठेवून, त्यांची नंबरांची कार्डं लावून मामा धावत निघाले. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पाचव्या दिवशी ते कामावर हजर झाले. घरी बसून भिंतींशी काय बोलणार?

त्या वेळी संस्थेत नव्या आलेल्या संशोधक बाईंचा प्रयोग चालू होता. उंदराच्या नाकात एक खास इंद्रिय असतं. समोरचा नर आहे की मादी, हे त्याला त्यानं वास घेऊन कळतं. त्या इंद्रियाच्या पेशींमध्ये एक बारीकसं दार असतं, ते उघडलं की निरोप मेंदूकडे जातो. ते दार बनवणारं जनुकच बाईंनी काही उंदरांमधून काढून टाकलं होतं. एरवी नराच्या पिंजऱ्यात परका नर सोडला की मिनिटभरात जुंपायची. बाईंचे उंदीर मात्र पाहुण्याला हुंगत आणि गप्प बसत.

महिन्याभरानं एके दुपारी बाई डोक्याला हात लावून बसल्या.

"मामा, जनुक काढलेला चौदा नंबर रोज भांडतोय. पाहुण्याचं शेपूट रक्तबंबाळ केलं त्यानं. आणि साध्या उंदरांमधला एकवीस नंबर भांडतच नाही. माझं गणितच चुकलं बहुतेक."

बाई गेल्यावर मामांनी चौदा नंबरचा उंदीर तळहातावर घेऊन, ओळखीसाठी कानाला पाडलेल्या खाचा मोजल्या. मग एकवीसच्या मोजल्या. कार्डांची अदलाबदल झाली होती. लावणारे हात त्यांचेच. ही कार्डं गुपचूप बदलली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. एकतीस वर्षांत मामांवर कुणी शंका घेतली नव्हती, म्हणून तर बाईंनी खाचा तपासल्या नव्हत्या.

ते जिना चढून बाईंच्या खोलीत गेले.

"चूक माझी आहे. बहीण गेली त्या दिवशीची. तुमचं गणित बरोबर आहे."

बाई म्हणाल्या, "महिना वाया गेला, मामा."

"हो."

"आणि तुम्ही पाचव्या दिवशी कामावर का आलात? रजा नव्हती?"

"रजा होती," मामा म्हणाले. "माणूस नव्हतं."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. पहिल्यांदाच मामा त्या खोलीत बसले.

"आणि बाई, माणसात असतं का हो हे दार?"

"जनुक आहे, पण मोडकं. काही कोटी वर्षांपूर्वीच, माकडं असतानाच आपल्या पूर्वजांमध्ये ते बंद पडलं. त्याचं आता काहीच बनत नाही."

"मग माणसाला माणूस कळतं कसं?"

"बघून, ऐकून, विचारून," बाई म्हणाल्या. "आज मी विचारलं तसं. आधीच विचारायला हवं होतं."

मोजण्या नव्यानं झाल्या आणि बाईंचं म्हणणं खरं ठरलं. त्यांच्या शोधनिबंधाच्या शेवटी आभारात मामांचं नाव छापून आलं, तेही हजेरीपटातलं खरं नाव. मामांनी तो कागद भाचीला पाठवला. तिचा लगेच फोन आला, "मामा, आता निवृत्त झालास की इकडेच ये राहायला."

निवृत्त झाल्यावर ते गेलेही. पंधरा दिवस राहिले. भाचीच्या घरची सगळी चांगली होती, पण सकाळी आठला ज्याच्या त्याच्या मागे दार बंद व्हायचं आणि मामा संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून राहायचे. सोळाव्या दिवशी ते परत आले.

आता ते आपल्या दोन खोल्यांत राहतात. सकाळी शर्टाला इस्त्री करतात, डबा भरतात, बाहेरच्या बाकावर बसून तो खातात. शेजारी कुणी येऊन बसलं तर सरकून जागा देतात आणि स्वतःहून विचारतात, "कुठून आलात?"

बहुतेक लोक फोनवर असतात.