पासिंगपुरत्या गोळ्या

फोन सकाळीच आला. "काका, बाबा गेले," एवढंच देविदासची मुलगी बोलली. झोपेतच हृदय थांबलं होतं. मी अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. ज्या रस्त्यावर वर्षानुवर्षं तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर होतो, त्याच रस्त्यावर त्या दिवशी तिकीट काढून बसलो. महिना उलटून गेला, तरी माझा त्याच्यावरचा राग उतरलेला नाही. रागच म्हणतो, रडू त्याच्यामागून येतं.

देविदास अंगानं काडी. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा कायमचा, डब्यात भाकर, ठेचा आणि वरून तेलाची धार. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पार्टी असली की तुपाची वाटी आपोआप त्याच्याकडे सरकायची, आणि एवढं तूप जातं कुठे म्हणून आम्ही त्याला छेडायचो. कोलेस्टेरॉल हा जाड्या, बसून खाणाऱ्या लोकांचा आजार, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याचे वडील ऐन चाळिशीत वखर हाकता हाकता छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत. पण ते त्यानं स्वतःशी कधी जोडून पाहिलं नाही.

मग एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यानं भरली गाडी हळूच कडूनिंबाखाली घेतली. शर्ट घामानं ओला, उजव्या हातानं डावा हात चोळत होता. गॅस झाला म्हणाला आणि जरा वेळानं, "डबल बेल दे, निघू." मी घंटीच्या दोरीला हात लावला नाही. प्रवासी मागून आलेल्या गाडीत बसवले आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं, की रक्तात वाढलेली चरबी हृदयाच्या नळ्यांत आतून थर धरते आणि बरीच वर्षं माणसाला पत्ताही लागत नाही. त्यात ब्लडप्रेशर, तंबाखू आणि वडिलांचं तसं जाणं... गोळी रोज घ्यायची, जन्मभर, आणि सहा-सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. अँजिओग्राफीही सांगितली होती. ती त्यानं कापसाच्या हंगामावर ढकलली, आणि मग पुढच्या हंगामावर.

पण तो पडला ड्रायव्हर. गाडी आरटीओच्या तपासणीला, म्हणजे पासिंगला न्यायची म्हटलं की डेपोत धांदल उडते. ब्रेक आवळा, दिवे बदला, पत्र्याला रंग मारा. पासिंग झालं की ये रे माझ्या मागल्या. देविदासनं आपल्या शरीराचं तेच सुरू केलं. तपासणी पंधरवड्यावर आली की गोळ्या सुरू, खर्रा बंद, जेवणात फिकं वरण. रिपोर्ट चांगला यायचा. औषध लागू पडलं म्हणून डॉक्टरही खूश. तो कागद हा डेपोभर मिरवायचा, आणि येत्या रविवारी रोडगे.

मी एकदा भांडलोच. "अबे, पासिंग सहा महिन्यानं, पण ब्रेक तं रोजच लागते ना?"

तो काचेबाहेर पाहत म्हणाला, "सलीमभाई, रोज गोळी खाल्ली म्हंजे मी बिमार झालो... बिमार माणसाले स्टेरिंग कोण देते? भावाचा कापूस तीन सालांपासून घरात काही आणून नाही राहिला. त्याची चूल बी याच स्टेरिंगवर पेटते."

कापसानं सगळ्या वऱ्हाडाला रडवलेली ती वर्षं होती.  तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं, आणि बहुधा राग त्याचाच येतो.

परवा देविदासच्या घरी वहिनींना भेटायला गेलो होतो. स्वयंपाकघरात फळीवर त्याचा ड्यूटीचा डबा होता, कडीला अजून रुमाल बांधलेला. वहिनींनी तो खाली काढून माझ्यासमोर उघडला. आत गोळ्यांची पाकिटं होती, आणि एकातलीही गोळी काढलेली नव्हती. मला वाटलं जुन्या असतील. तसं विचारलं.

"नाही जी सलीमभाऊ, गेले त्याच्या आधल्याच हप्त्यात आणल्या होत्या त्यायनं," वहिनी म्हणाल्या. "तपासणी त्याच्या पुढच्या महिन्यात होती ना... म्हून अजून सुरू नव्हत्या केल्या."

मग त्यांनी डबा पदरानं पुसला, झाकण लावलं आणि पुन्हा फळीवर ठेवून दिला.