पारा कोणत्या पिशवीत?

दाताच्या दवाखान्यात लोकांची तोंडं उघडीच असतात, म्हणून किस्से आपोआप साठतात. बोरगाव मेघेच्या माझ्या क्लिनिकमध्ये पाऱ्याचा कचरा वेगळा ठेवायचं ठरलं, तेव्हापासून तर विचारूच नका!

झालं असं, मी नागपूरला एका ट्रेनिंगला गेले होते. तिथे कळलं की दाढेत भरतो त्या चांदीत निम्मा पारा असतो. उरलेला चुरा बेसिनमध्ये धुतला की नालीतून ओढ्यात, तिथून मातीत, माशांत. मी इतकी वर्षं तेच करत आले होते! परतल्यावर बेसिनकडे बघवेना.

आमच्या असिस्टंट कुंदाताईंना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, जे माणसाच्या तोंडात चालते, ते नालीत काऊन नाई चालत?"

मी म्हटलं, "आधी चहा घेऊ."

*

मग घट्ट झाकणाची बरणी आणली. लेबल कुंदाताईंनी लिहिलं: 'मॅडमचा पारा. हात लावू नये.'

आठवडाभर पेशंट माझ्याशी इतक्या दबक्या आवाजात बोलत होते, की कोणती दाढ दुखते तेच ऐकू येईना!

*

दवाखान्याचा कचरा रंगीत पिशव्यांत वेगळा करून ठेवतो, तो न्यायला गाडी येते. ड्रायव्हरला बरणी दाखवली.

"पिवळ्या पिशवीत टाका."

"ती जाळतात ना? पारा हवेत जाईल."

"मंग लाल."

"लालमधलं वाफेवर तापवतात, तिथेही नको."

त्याने ऑफिसला फोन लावला, बराच वेळ नुसतं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "घ्या मॅडम, ते तुमालेच विचारून राह्यले!"

*

आणि आंजीचे महादेवराव. भाजीपाला पिकवतात. त्यांची चांदी भरलेली जुनी दाढ काढली आणि मी ती बरणीत टाकायला गेले, तर ते म्हणाले, "काऊन बाई? दाढ माही हाय."

मी सांगितलं, ही कचऱ्याबरोबर जाळली तर पाऱ्याची वाफ होते, हवेत जाते, पावसाबरोबर खाली येते. तुमच्या वांग्याच्या वाफ्यातसुद्धा.

महादेवराव गंभीर झाले. गालावर हात धरून दारापर्यंत गेले, थांबले, परत आले. कापूस दाबलेल्या तोंडाने म्हणाले,

"बाई, अशा अजून तीन हायेत माह्या तोंडात. मी मेल्यावर पोरं मले जाळतीन. तवा आधी तुमाले बलावाचं काय?"

मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्यांनी अपॉइंटमेंटची वही उघडली होती.