दाणा चावायचं सांगतलंच नाही

मी चौथी नापास. पण वारासिवनीच्या राइस मिलांत चाळीस वर्षं रबर रोल बसवले अन् कोणाले विचारायले गेलो नाही. धानाचं साल काढणारे ते दोन रोल. बाजूचं चाक फिरवून त्यांच्यात फट किती ठेवायची, एवढ्यावर सारा तांदूळ. जास्त कसली की दाणे तुटून कनकीच कनकी.

उन्हाळ्यात नातीनं माहा व्हिडिओ काढला. "आबा, तुमचं काम लोकाईले दिसू द्या ना." मिलवाल्यांचा मोबाइलवर ग्रुप हाय, तिथं टाकला. निस्ते माहे हात दिसत, अन् आवाज: "चाक अर्धा फेरा कसा." लोकांनी खाली लिहिलं, कोणी ऐकून मुद्दे लिहून काढले, कोणी पुढं पाठवला. मी फुगलो, खोटं काहून बोलू?

दिवाळीनंतर लालबर्ऱ्याहून एका मिलवाल्याचा फोन आला.

"दादाजी, आपके हिसाब से कसा, पूरा माल कनकी हो गया."

"दाणा चावून पाह्यला होता का?"

"चबाने का कहाँ लिखा है?"

मंग ध्यानात आलं. चाकाले हात लावायच्या आधी मी धानाचा दाणा दाताखाली धरतो. कट्ट वाजला तर सुका, दबला तर वला, अन् वल्याले फट ढिली ठेवा लागते. हे मी कोणाले कधी सांगतलंच नाही. बाजूले उभा राहणारा पाहतच होता. व्हिडिओच्या वक्ती धान उन्हाळ्याचा, सुका होता, अन् दाणा मी आधीच थुंकला होता.

नातीले म्हटलं, "लिही खाली." तिनं लिहिलं. एकाचा जवाब आला, "काका, मिल चलाई है कभी?" दुसरा म्हणे, आता धानाची वल मोजायचं मीटर असते, दात काय कामाचे. अरे, मंग मीटर तरी लावा ना आधी!

"काढून टाक तो व्हिडिओ!" मी नातीवर ओरडलो.

"कालच काढला, आबा. पण लोकाईनं उतरवून घेतला हाय. आता माह्या हातात काही नाही."

बस धरून लालबर्ऱ्याले गेलो, त्या मिलवाल्याले समजावून आलो. बाकी कोणाकोणाकडे जाऊ? कोणी पाह्यला, तेच मले ठाऊक नाही.

परवा किरनापूरच्या एका फिटरनं मलेच एक व्हिडिओ पाठवला, शिकून घ्या म्हणून. हात माहे होते. आवाज कोण्या पोट्ट्याचा, हिंदीत. तो म्हणून राह्यला होता, "चक्का पूरा एक फेरा कसो."

मी फोनवर बोट दाबत राह्यलो, "अबे थांब, थांब."