मावसाजींचं 'नाही'

अख्ख्या वऱ्हाडात 'नाही' हा शब्द ज्याच्या तोंडून कोणीच ऐकलेला नाही असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. कोणी काही विचारायला दारात आलं की आधी 'हो' म्हणायचं आणि मग काय विचारलं ते ऐकायचं, हा त्यांचा क्रम. एकदा त्यांनी एकाच दुपारी तीन फेरीवाल्यांकडून तीन झाडू घेतले, कारण तिघांनीही 'घेता का' असं नीट विचारलं होतं. शेजारच्या लग्नाचा मंडपवाला 'अंगणात एक खांब रोवू का' म्हणाला, मावसाजी हो म्हणाले, आणि खांब बरोबर मावशीच्या अंबाडीच्या वाफ्यात रोवला गेला. मावशी आठ दिवस बोलली नाही. मी मध्यस्थीला गेले तर मला म्हणतात, "तो इचारून गेला. तुह्या मावशीनं काई इचारलंच नाई, मंग तिले हो कसं म्हनू?"

ही सवय त्यांना नोकरीनं लागली असावी. ते अकोटच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि दिवसभर उतारूंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. सुट्ट्यांमध्ये मी अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोटला उतरले की आधी त्या खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि तासभर ऐकत राहायची. दुसरा कोणी गाडीची वेळ सांगून मोकळा झाला असता. मावसाजी म्हणायचे, "परतवाडा ना? दहा मिन्टात लागते. डाव्या अंगाले बसा, उजवीकून ऊन येते. पानी इथंच भरून घ्या." एकदा एक म्हातारी चांदूर बाजारऐवजी भलत्याच गाडीत बसलेली त्यांना खिडकीतून दिसली, तर हातातला चहा तसाच घेऊन ते गाडीमागे धावले. म्हातारी उतरली, चहाही तिलाच मिळाला. आपण एकही उतारू चुकीच्या गाडीत बसू दिला नाही, एवढीच एक बढाई त्यांनी आयुष्यात मारली, आणि ती खरी होती. मी आज जी सगळ्या कामांच्या याद्या करून एकेका ओळीपुढे खूण करत जाते, ते त्यांच्या नोंदवहीकडे बघत बसल्याचं फळ आहे.

निवृत्तीनंतर ते दोघं अकोल्याला राहायला आले. पुण्यातल्या त्यांच्या मुलानं जुना लॅपटॉप पाठवला तेव्हा मावसाजींना वाटलं, आपली खिडकी आपल्याला परत मिळाली. आळीतल्या कोणालाही गावाला जायचं असलं की तो त्यांना वेळ विचारणार, ते चष्मा पुसून लॅपटॉप उघडणार, वेळ शोधणार आणि उन्हाची बाजू पदरची सांगणार. दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. त्यानंतर हे काम जरा वाढलंच. लोक वेळ विचारायला कमी आणि त्यांना बोलतं करायला जास्त यायचे, असं मला वाटतं.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी त्यांचा फोन आला. एरवी ते आधी हवापाण्याची चौकशी करतात. त्या दिवशी एकदम म्हणाले, "बाई, माह्या हातून एक उतारू चुकला."

शेजारच्या रुखसानाला भावाच्या मंगनीसाठी परतवाड्याला जायचं होतं. मावसाजींनी लॅपटॉपवर पाहून सव्वादहाची गाडी सांगितली. तशी गाडीच नव्हती. कडेवर तान्हं पोर घेऊन ती साडेबारापर्यंत स्टँडवर उभी राहिली आणि परतवाड्याला पोचली तेव्हा जेवणं उठून भांडी घासली जात होती. परत आल्यावर तिनं एका शब्दानंही बोल लावला नाही. उलट म्हणाली, "चाचा, इतवार को निकाह है. इतवार की गाडी तुमीच सांगा." मावसाजींना तेच लागलं होतं. ती भांडली असती तर ते सुटले असते.

शुक्रवारी दुपारी मी लॅपटॉपवर काय काय तपासायचं त्याची यादी घेऊन अकोल्याला पोचले. लॅपटॉपवर 'अकोला परतवाडा बस' असं टाकलं. क्षणभर वर कुठलासा अनोळखी पत्ता चमकला आणि समोर जे पान उघडलं त्यावर बूट, केसांचं तेल आणि कुठल्यातरी खासगी गाड्यांच्या खोट्या वेळा होत्या. म्हणजे ब्राउझरला कोणीतरी चिकटलं होतं. ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांचं, म्हणजे एक्स्टेन्शनचं पान उघडलं तर तिथं सात जण मुक्कामाला होते. एक सवलती शोधून देणारं, एक हवामान सांगणारं, एक कुंडली मांडणारं, एक कागदपत्रं जोडणारं, आणि लॅपटॉपचा वेग वाढवणारी दोन, जी एकमेकांचा वेग खात बसलेली. सातवं रोज एक फूल दाखवायचं.

"हे सगळे आत कसे आले?" मी विचारलं.

"इचारून आले," मावसाजी म्हणाले. "'अलाउ?' म्हनत होते. कोनी दारात उभं राहून परवानगी मांगते, त्याले नाई म्हनाव का?"

"तुम्ही लिहिता ते सगळं वाचायची परवानगी मागितली होती त्यांनी."

"वाचू दे ना. माह्यापाशी लपवाले काय हाय?"

"वाचतात एवढंच नाही, मावसाजी, बदलतातही. अकोटच्या खिडकीत तुमच्या शेजारी कोणी येऊन बसलं असतं आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत उतारूला भलतीच गाडी सांगितली असती, तर?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, "त्याले बाहेर काहाडलं असतं. काहाड."

एकेक काढायचं आणि दर वेळी पुन्हा शोधून बघायचं, असं मी यादीत लिहिलं होतं. काढताना यंत्र पुन्हा एकदा विचारतं, 'काढायचं का?' मावसाजींना हे फार आवडलं. "पाहा, जातानाबी इचारून राहिले," असं म्हणत त्यांनी सहा वेळा 'हो' दाबलं. कुंडलीवाल्याला तर जाताना नमस्कारही केला. सहा गेले, सहा खुणा झाल्या, आणि शोधलं तर पुन्हा तेच बूट, तेच तेल.

उरलं फुलाचं. मी बाण त्यावर नेला, दाबला, चौकट आली, 'काढायचं का?'

"नाही," मावसाजी म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत नकाराचा हा शब्द त्यांच्या तोंडी ऐकला नव्हता. तो त्यांनाही नवा असावा, कारण 'नाई' न येता शाळेतल्यासारखा स्वच्छ 'नाही' आला.

"थे तुह्या मावशीनं घेतलं हाय," ते म्हणाले. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की नवं फूल यायचं. मावशी चहाचा कप घेऊन शेजारी बसायची आणि फूल ओळखायची. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातलं ते असायचं कोण जाणे, निळं, जांभळं, तुऱ्याचं, काट्याचं, पण मावशी चष्मा वर करून बघायची आणि निकाल द्यायची, "अंबाडीसारखं दिसते." मावसाजी हो म्हणायचे. ती गेल्यावरही फूल येत राहिलं, आणि हे एकटे बसून हो म्हणत राहिले.

"फूल ठिवून बाकीचं काहाडता येत नाई का?"

"नाही मावसाजी. ते एकच आहे. फुलाच्या मागूनच ते तुमचे प्रश्न पळवतं."

"रुखसानाचं परवा हाय," ते म्हणाले आणि उठून चहा टाकायला गेले. चहा आला, पण विषय आला नाही. मी चौकट तशीच बंद केली आणि मुक्काम केला.

शनिवारी सकाळी बाहेर आले तर ते लॅपटॉपसमोर बसलेले होते. अंघोळ झालेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, नोकरीवर जाताना घालायचे तसा. पडद्यावर लांब देठाचं, अगदी बारीक पाकळ्यांचं एक जांभळं फूल होतं. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की आज कोणीतरी बोलायला हवं.

"अंबाडीसारखं दिसते," मी म्हटलं.

"हो," मावसाजी म्हणाले. मग त्यांनी स्वतः बाण नेला आणि दाबला. चौकटीनं विचारलं. त्यांनी हात जरा वर केला, गाडी सोडताना करायचे तसा, म्हणाले, "चला, जाऊ द्या," आणि 'हो' दाबलं.

मग मी पुन्हा शोधलं आणि खरं वेळापत्रक समोर आलं. तरी मावसाजींनी स्टँडवरच्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून तीच वेळ त्याच्या तोंडून वदवून घेतली. गुडघे दुखत असताना जिना उतरून ते रुखसानाच्या दारात गेले आणि सांगितलं, "आठ वीस. डाव्या अंगाले बसजो, उजवीकून पोराले ऊन लागंन." रविवारी ती निकाहच्या दोन तास आधी पोचली. तसा फोन आला तेव्हा ते मला म्हणाले, "गाडी वेळेवर गेली." अशी नोंद ते वहीत करायचे.

आता त्यांच्या लॅपटॉपवर सकाळी कोरं पांढरं पान उघडतं. ते उघडलं की ते मला अमरावतीला फोन करतात. माझ्या गच्चीवर एकच कुंडी आहे आणि तीत सदाफुली आहे, गुलाबी, पाच पाकळ्यांची, बाराही महिने तीच.

"आज काय फुललं, बाई?"

"सदाफुली."

"कालबी सदाफुलीच होती."

"हो."

पलीकडून कप बशीत ठेवल्याचा आवाज येतो.

"अंबाडीसारखी दिसते का?"

मी यादीत कधी खोटी खूण करत नाही. कुंडीकडे बघते आणि म्हणते, "दिसते."