निळे डोंगर आणि विलायती माळा

चिनीमातीच्या कारखान्यात, रंगकामाच्या खोलीत तिला सगळे माळबाई म्हणत. कारखान्याची सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे कमरेएवढी उंच, झाकणाची शोभेची बरणी. तिच्या पोटावर चिनी देखावा असायचा: धुक्यातले डोंगर, वाकडा पूल, पुलावर छत्री घेतलेला म्हातारा. गळ्याशी आणि पायाशी मात्र विलायती थाट: पानांच्या माळा, फिती, आणि कानांच्या जागी बोकडाची दोन तोंडं. देखावा डोंगरमास्तर काढायचे आणि माळा ती. "माती चिनी, डोंगर चिनी, माळा विलायती, आणि यातलं काही पाहिलेला माणूस इथे एकही नाही," असं मास्तर नव्या माणसाला सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

बाविसाव्या वर्षी ती त्यांच्यासमोर बसायला लागली. मधे फिरता पाट, पाटावर बरणी. मास्तरांचे ढग हटकून तिच्या माळेत घुसायचे.

"मास्तर, ढग आवरा."

"ढग कधी कुणाचं ऐकतात का? तूच माळ जरा वर घे."

"आणखी वर घेतली तर झाकणावर जाईल."

हे वर्षानुवर्षं चाललं. अकराचं ऊन खिडकीतून बरणीवर आलं की दोघंही हात थांबवून पाट हळूहळू फिरवायचे आणि एकमेकांच्या चुका शोधायचे. तिला ती वेळ फार आवडायची.

तिच्या कामाच्या नवव्या वर्षी मास्तरांच्या पुलाचे कठडे तुटक यायला लागले. आधी तिला वाटलं, कुंचला खराब असेल. मग एकदा मास्तरांनी कुंचला पाण्याच्या वाटीऐवजी चहाच्या कपात बुचकळला आणि थोड्या वेळाने तोच चहा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर येऊ लागली. तुटलेल्या रेघा जोडायची आणि मास्तर यायच्या आत आपल्या माळेवर येऊन बसायची.

एका सकाळी मास्तरही लवकर आले. ही पुलावर वाकलेली.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार महिने."

मास्तर जागेवर बसले. त्या दिवशी बोलले नाहीत, पुढे आठवडाभर नाहीत. तिला जेवण गोड लागेना. आठव्या दिवशी त्यांनी पाट फिरवून देखावा तिच्यासमोर आणला.

"तू जोडलेल्या रेघांत जीव नाही. आणि डोंगर खालून वर चढवायचा नसतो. वरून खाली उतरू द्यायचा, पाणी उतरतं तसा. धर कुंचला."

डोळे अधू झाले तरी जीभ तेज होती. सहा महिने त्यांनी तिला शिकवलं, रागावले, एकदा तर रडवलं. मग स्वतःच कारखान्याच्या साहेबांना खरं काय ते सांगितलं आणि घरी बसले.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर ते एकदा जाड चष्मा लावून आले. तिने एकटीने रंगवलेली बरणी भट्टीतून नुकतीच निघाली होती. मास्तरांनी ती पुरती फिरवून पाहिली.

"म्हातारा हसरा काढलास."

"तुमचा रडका असायचा."

"रडका नव्हे, विचारात असायचा." त्यांनी गळ्यावरून बोट फिरवलं. "ढग माळेला कुठेच अडत नाहीत. कसं जमवलंस?"

"भांडायला तुम्ही नव्हतात. दोन्ही बाजूंनी मीच भांडले."

मास्तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग बराच वेळ त्यांनी तो परत लावलाच नाही.

दोन वर्षांनी मास्तर गेले. तिने पुढे खूप वर्षं डोंगर काढले आणि माळाही काढल्या. शेवटी छापील चित्रं आली, पाण्यात भिजवून चिकटवायची. खोलीतले कुंचले एका खोक्यात गेले आणि माणसं घरी.

परवा भाचीने विचारलं, "आत्या, तेच डोंगर रोज काढायचा कंटाळा नाही का यायचा?"

"तेच कुठे गं? रोज वेगळे यायचे."

त्या खोलीत आता रिकाम्या खोक्यांचं गोदाम आहे, असं तिने ऐकलंय. एकदा जाऊन यावं असं तिला फार वाटतं. गेलीच तर सकाळी अकराला जाईल.