रंगीत चकती

आई गेल्यावर आबा मुरुडला एकटेच राहतात. सकाळची लिंगपूजा आटोपली की ते कॉम्प्युटर लावायचे, ब्राउझरच्या रंगीत चकतीवर दाबायचे आणि व्हिडिओ कॉलवर नांदेडातला मी दिसायचो.

लिनक्स विंडोजपेक्षा किती हलकं, हे ऐकून घ्यायला मला नांदेडात कुणी नव्हतं. गावी गेलो तेव्हा आबा सापडले. त्यांच्या मशीनवर मी हौसेनं लिनक्स टाकलं, दुसरा ब्राउझर बसवला, डेस्कटॉप मोकळा केला.

"लई पळतंय," ते म्हणाले.

मग आठ दिवस कॉल नाही. आवडलं नाही तर तसं सांगावं, म्हणून मीही अडून बसलो. शेवटी फोन लावला.

"चकती तूच काढलीस," आबा म्हणाले. "म्हटलं, तुला रोजचं बोलणं नको झालं असंल."