चैत्याचे गुडघे आणि ओहोळाकाठच्या अकरा खजुऱ्या

वेवजीच्या पाड्यावर चैत्याच्या गुडघ्यांना जेवढा मान होता तेवढा सरपंचालाही नव्हता. सरपंच पाच वर्षांनी बदलतो. चैत्याचे गुडघे मात्र गेली तीस-पस्तीस वर्षं दर हिवाळ्यात ओहोळाकाठच्या अकरा खजुऱ्या चढत होते, तेही रोज दोनदा. संध्याकाळी आतून चुना फासलेली मडकी बांधायला आणि पहाटे भरलेली मडकी उतरवायला. ती नीरा तो सकाळी सातला रस्त्याकडेच्या चिंचेखाली विकायचा. लोक रांगेत उभे राहून प्यायचे आणि पिता पिता त्याच्या पायांकडे बघायचे.

पायांकडे बघायचं खूळ चैत्यानंच लावून दिलं होतं. मागे कधीतरी एका गिऱ्हाइकानं विचारलं, बाबा, या वयात झाडावर कसा रे चढतोस? चैत्या सहज बोलून गेला, रोज एक गिलास पोटात जातो ना. झालं. माणसाचे सांधे धरले की तो देवाचंही ऐकतो आणि शेजाऱ्याचंही. पुढच्या हिवाळ्यापासून चैत्याची नीरा ही नुसती नीरा राहिली नाही, ती गुडघ्याचं औषध झाली. झाईहून तात्या स्कूटरवरून येऊ लागले. तात्यांची तिकडे चिकूची वाडी, शिवाय दोन्ही गुडघ्यांना पट्टे. संजाणकडून चंद्रिकाबेन येऊ लागल्या. त्यांचा खांदा हिवाळा लागला की वर जायचा नाही. चैत्या सगळ्यांना गिलास भरून द्यायचा आणि म्हणायचा, ‘माझ्याकडं बघा ना.’ लोक बघायचे. आणखी एक गिलास घ्यायचे.

तर या वर्षी त्याच गुडघ्यांनी दगा दिला.

नीरेचा आणि थंडीचा मामला मोठा पेचाचा आहे. थंडी जितकी कडक तितकी नीरा गोड आणि निर्मळ. थंडी जरा ढिली पडली की नीरा आंबूस लागायला लागते. म्हणजे चैत्यानं वर्षभर देवाकडे कडक थंडी मागायची, आणि ती पडली की त्याच्या उजव्या गुडघ्यात कुणी खुंटी ठोकल्यासारखं व्हायचं. पहाटे गोधडीतून पाय काढला की तो वाकायचा नाही, वाकला की सरळ व्हायचा नाही. सूर्य वर आला की सगळं सुरळीत. पण सूर्य वर येईपर्यंत मडक्यातल्या नीरेची ताडी होते, आणि ताडीला गुडघ्याचं औषध म्हणायला चंद्रिकाबेन काही तयार झाल्या नसत्या.

ही गोष्ट बाहेर फुटली असती तर रांग मोडली असती, हे एक. पण चैत्याला खरी धास्ती होती ती झाडांची. ओहोळाकाठच्या त्या खजुऱ्या कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हत्या. जो चढेल त्याच्या, एवढीच पाड्याची समजूत. चैत्याच्या बापानं त्या तासल्या, मग चैत्यानं. दर वर्षी एका बाजूला नवी खाच, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला. त्या खोडांवर चैत्याचं सगळं वय कोरलेलं होतं, आधार कार्डावरच्या एक जानेवारीपेक्षा जास्त खरं. आणि पलीकडच्या घरातल्या रघ्यानं दिवाळीलाच नवा दोर आणून भिंतीला टांगून ठेवला होता. विचारलं तर म्हणायचा, बैलासाठी. रघ्याकडे बैल नव्हता.

तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून चैत्यानं ते दुखणं पाड्यापासून लपवलं. घरात लपवायचा प्रश्न नव्हता. त्याची बायको रूपी, ती रोज त्याच्या कण्हण्यानंच जागी व्हायची.

मुलगा नविन राज्याच्या सीमेपलीकडे कंपनीत कामाला. त्यानं फोनवर एकच सांगितलं, दवाखाना. कासा गावच्या दवाखान्यात सांध्यांचं शिबिर होतं. चैत्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिथवर गेला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून डोक्यावरून टॉवेल घेतला होता, त्यामुळे तिघांनी ओळखून हाक मारली. आतल्या डॉक्टरबाईंनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला.

‘काम काय करता बाबा?’

‘शेती.’

‘जिने चढता का रोज?’

‘एक पण नाय,’ चैत्या म्हणाला. खोटं कुठं होतं? त्याच्या कुडाच्या घराला जिना नव्हताच.

बाई खूश झाल्या. मग जिने नाहीत हे चांगलंच आहे, म्हणाल्या. उठायच्या आधी गोधडीतच पाय वीस वेळा वाकवायचे आणि सरळ करायचे. गुडघा उबेत ठेवायचा. शेक द्यायचा, पण चटका बसेल असा नाही. थंडीत एकदम जड कामाला भिडायचं नाही, आधी जरा चालून अंग मोकळं करायचं. आणि दुखणं अंगावर काढायचं नाही, सूज आली किंवा पाय लुळा वाटला तर परत यायचं. चैत्यानं मान डोलावली. खजुरीचं नाव काढलं असतं तर बाईंनी चढू नका म्हटलं असतं, आणि ते ऐकायला तो एवढ्या लांब आलाच नव्हता.

त्या दिवसापासून चैत्याच्या घरी पहाटे चारला दवाखाना सुरू झाला. डॉक्टर, नर्स आणि कंपाउंडर सगळं रूपीच. ती आधी चूल पेटवायची. मग चैत्याच्या उशाशी बसून वीस मोजायची. मोजायला तीच लागायची, कारण चैत्या बारावरून एकदम अठरावर उडी मारायचा. मग निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक. मग मोहाच्या तेलानं मालिश. मग नविननं पाठवलेला गुडघ्याचा पट्टा, त्यावर जुनी पँट, म्हणजे पट्टा दिसायला नको. मग अंगणात दहा फेऱ्या. एवढं झालं की पाच-साडेपाचच्या अंधारात चैत्या दोर-कोयता घेऊन निघायचा आणि उजेड व्हायच्या आत अकराही झाडं उरकायचा. सात वाजता चिंचेखाली उभा राहून म्हणायचा, ‘माझ्याकडं बघा ना.’

खरं सांगायचं तर गुडघ्याला बरं वाटत होतं. शेक आणि ते वीस झटके लागू पडत होते. त्या बिचाऱ्या उपायांना यश मिळत होतं आणि श्रेय मात्र नीरा घेऊन जात होती.

मग जानेवारीत थंडीची लाट आली. ओहोळावर धुकं बसलं ते उठेचना. त्या पहाटे चैत्यानं वीसचे चाळीस केले, शेक दोनदा घेतला, आणि तरी चौथ्या झाडावर घात झाला. मडकं काढून तो उतरायला लागला, उजवा पाय खाचेत टेकवला, आणि गुडघा तिथंच बसला. वरही जाईना, खालीही येईना.

खाली रूपी मडकी घ्यायला उभी होती. ‘काय झालं?’

‘काय नाय.’

‘मग उतर.’

‘उतरतो. आकाश बघतोय.’

धुक्यात आकाश कुठलं? रूपीनं मडकं दोरीनं खाली घेतलं आणि नेहमीच्या आवाजात मोजायला सुरुवात केली. एक. दोन. चैत्यानं दोराला लटकून पाय हलवायला घेतला. बारानंतर त्याला सवयीनं अठरा म्हणावंसं वाटलं, पण त्या दिवशी मात्र तो मुकाट्यानं तेरा, चौदा, पंधरा करत विसापर्यंत गेला. मग पुन्हा वीस. मग एकेका खाचेनं, खोडाला मिठी मारत, तो खाली आला आणि बुंध्याशी बसला. त्याला रडू येत होतं. आपल्या बापानं या झाडावरून उतरताना गाणी म्हटली आणि आपण आकडे म्हणत उतरलो, याची त्याला विलक्षण लाज वाटली.

सात झाडं बाकी होती. पूर्वेला फटफटत होतं.

रूपीनं लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि दोर उचलला.

‘नको,’ चैत्या म्हणाला. ‘बाई चढली की खजुरी आटते. बाबा सांगायचा.’

‘मी ऐनावर चढते तवा?’

पावसाआधी शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला रूपी दर वर्षी ऐनाच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत जायची, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. ऐनाच्या शेंड्याला मडकं नसतं, म्हणून तिथं बाई चालते. हे चैत्याला त्या क्षणी पहिल्यांदाच जरा विचित्र वाटलं. त्यानं तोंड उघडेपर्यंत रूपी निम्म्या खोडावर पोचली होती.

ती चढत होती ते बघवत नव्हतं, इतकं ते सोपं होतं. कण्हणं नाही, थांबणं नाही. त्याच्याच बापानं आणि त्यानं पाडलेल्या खाचा तिला पायऱ्यांसारख्या मिळत होत्या. पाचवं झालं, सहावं झालं, आठवं झालं. चैत्या खाली मडकी मांडत होता, आणि निम्मं मन निर्धास्त आणि निम्मं मन जळत होतं.

अकराव्या झाडाच्या झावळ्यांत ती असताना रस्त्यावर तात्यांच्या स्कूटरचा आवाज आला. मागोमाग चंद्रिकाबेनची रिक्षा. आणि रघ्या, जो कधी नीरा पीत नसे, तोही नेमका त्याच दिवशी शाल पांघरून ओहोळाकडे आला. अकरावं झाड चिंचेच्या अगदी समोर.

‘उतरू नको,’ चैत्या वर बघून हळूच म्हणाला. ‘तात्या आलेत.’

‘मग दिवसभर बसू काय हितं?’ वरून आवाज आला, आणि तो चांगला मोठ्यानं आला.

सगळ्यांनी वर बघितलं. रूपी मडकं कमरेला लावून सरसर खाली आली, जमिनीवर टेकली, हात झटकले आणि मडकं चिंचेखाली नेऊन ठेवलं.

‘अरे, आज बायकोला चढवलंस?’ तात्या म्हणाले.

‘थोडा ताप हाय,’ चैत्या म्हणाला. रघ्या शालीतून त्याच्या पायांकडे बघत होता, हे त्याला न बघताही कळत होतं.

पण नशीब बघा. तात्यांचा चेहरा उजळला. ते रांगेकडे वळून म्हणाले, ‘बघितलंत चंद्रिकाबेन? नवरा तर नवरा, बायकोचेसुद्धा गुडघे असे. याला म्हणतात नीरा.’ चंद्रिकाबेननी लगेच दोन बाटल्या पुढे केल्या. रघ्याचं तोंड पडलं. चैत्याच्या जिवात जीव आला. एवढा वेळ ज्याला तो बोभाटा समजत होता ती तर जाहिरात निघाली. त्यानं फडक्यातून नीरा गाळायला घेतली, आणि सवयीनं तोंडात आलेलं ‘माझ्याकडं बघा ना’ गिळून म्हणाला, ‘तिच्याकडं बघा ना.’

तात्यांनी पहिला गिलास ओठाला लावला. ‘काय रूपी,’ त्यांनी कौतुकानं विचारलं, ‘तू रोज किती गिलास घेतेस?’

‘मी?’ रूपी म्हणाली. ‘मी नाय पित.’

‘आज नाही. पण एरवी?’

‘कधीच नाय. विकायची वस्तू ती. आमी कशी पिणार?’

तात्यांनी गिलास तोंडापासून जरा लांब धरून त्यात बघितलं. रघ्या खोकला. चैत्या गाळणीचं फडकं हातात धरून उभा राहिला, आणि खरं सांगतो, त्या वेळी त्याला रांगेची आठवणही नव्हती. तो हिवाळे मोजत होता. लग्न होऊन तीसच्या वर हिवाळे झाले होते. मडकी हिनं धुतली, चुना हिनं फासला, गिलास हिनं घासले. यातल्या एकाही सकाळी त्यानं तिला विचारलं नव्हतं, घेतेस का गं.

त्यानं गिलास भरला. काठोकाठ भरला, सांडला थोडा. चंद्रिकाबेनचा हात पुढे आला होता, त्याच्या बाजूनं गिलास नेऊन त्यानं तो रूपीला दिला.

रूपीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा गिलासाकडे. मग उभ्या उभ्याच पिऊ लागली. निम्मा संपल्यावर थांबली, ओठ पुसले.

‘बेस हाय,’ ती म्हणाली, आणि उरलेला गिलास सगळ्या रांगेदेखत त्याच्या पुढे धरला. ‘घे, तू पण पी. रातभर गुडघा धरून बसला होतास.’